चढ्या भावाचं खोकं

४ मार्च

प्रिय आजी,

फोनवर मी काहीही सांगितलं तरी तू "जेवलीस ना? मग झालं" म्हणून फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून वाचून घे. बाबांकडे देऊ नकोस, कारण पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

मी ऑफिस सोडलं ते तुला माहीतच आहे. आता घरी बसून इमारतींची चित्रं करते, अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची. एका मोठ्या वाचनालयाचं काम निघालंय. दारातून आत शिरून पार वरपर्यंत चालत गेल्यासारखी फिल्म करून हवी आहे, पंधरा एप्रिलपर्यंत. समितीला पटली तर काम माझं, माझ्या नावावर. नाही जमलं तर ते जाईल माझ्या जुन्या साहेबाकडे. तोच, जो मी निघताना म्हणाला होता, "खुर्ची हलवत नाही हं, दोन महिन्यांत परत याल."

घोडं अडलंय ते संगणकापाशी. माझा म्हातारा झालाय. एक चित्र बनवायला सांगून मी कपडे धुते, वाळत घालते, येऊन पाहते तर कुठे अर्धी भिंत उठलेली असते. चित्रं बनवण्याचं काम त्याच्या पोटातलं एक कार्ड करतं. त्याचं नवं मॉडेल गेल्या महिन्यात बाजारात आलं. कंपनीने किंमत जाहीर केली तेव्हा मी खुशीत होते, कसंबसं जमत होतं. दुकानात गेले तर भाव दीडपट! मी जाहिरात दाखवली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ती किंमत पोस्टरवर असते. कार्ड आमच्याकडे असतं."

आणि बाबांच्या दुकानात चार आहेत, आजी! काचेच्या कपाटाचा फोटो त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला, त्यात मलाही. फोन केला तर मलाही तोच भाव. मी मुलगी आहे की गिऱ्हाईक? वर म्हणाले, "थांब थोडं." का थांबू? "सांगतोय ना, थांब." तेवढ्यात कुणीतरी माऊस घ्यायला आलं आणि मी संपले. मी फोन आपटला.

तेवढंच प्लास्टिक, तेवढेच पंखे, तेवढाच आकार. सहा महिन्यांनी हेच कार्ड कुणी विचारणार नाही. मग आजच त्याचा एवढा तोरा कशाला? तू विचार त्यांना. तुला ते टाळू शकत नाहीत.

तुझी,
घाईबाई


१२ मार्च

घाईबाईला आजीकडून आधी पाठीत एक धपाटा, मग आशीर्वाद.

नर्सबाई बहिणीकडे गेली आहे. पत्र येऊन पडलं. मी किती वेळ त्याच्यावर नुसता हात फिरवत बसणार? दिलं तुझ्या बापाकडे. त्याने मोठ्याने वाचलं. "बाबांकडे देऊ नकोस" हेही वाचलं. मध्ये एकदा त्याचे डोळे दोन ओळी खाली उतरले आणि तोंड बंद. मी म्हटलं, गिळलंस ते बाहेर काढ. तेव्हा "मुलगी आहे की गिऱ्हाईक" बाहेर पडलं. मग त्याने चष्मा पुसला. चष्म्यावर काही नव्हतं.

आता लिहितोयही तोच, दुसरं कोण आहे मला? काय घालेल आणि काय गाळेल, मला कळायचं नाही. पण मी पेनाकडे बघते. मी बोलतेय आणि पेन थांबलंय असं दिसलं की चिमटा.

(आई खरोखर काढते. — लिहिणारा)

मी त्याला विचारलं, एवढंसं खोकं, त्याला एवढा भाव का रे? म्हणाला, आई, नवं आहे. मी म्हटलं, नवं तर मूलही असतं, त्याच्यावर कुणी भाव चिकटवत नाही. तेव्हा आला जरा वळणावर. म्हणे कारखान्यात एक चकती असते, तिच्यावर बारीक बारीक चौकोन कोरतात, एकेक चौकोन म्हणजे एकेका कार्डाचा मेंदू. सुरुवातीला यंत्राचाही हात बसलेला नसतो. निम्मे चौकोन वाया जातात (निम्मे नाही, पण बरेच) आणि वाया गेलेल्यांचा खर्च चांगल्यांच्या डोक्यावर बसतो. हे मला झटकन पटलं. मी कोट शिवायचे तेव्हा नव्या कापाच्या पहिल्या कोटाची एक बाही हमखास बिघडायची. गिऱ्हाईक तीन बाह्यांच्या कापडाचे पैसे द्यायचं आणि दोन बाह्यांचा कोट घालून ऐटीत जायचं.

शिवाय ज्या हुशार लोकांनी चार-पाच वर्षं डोकं आटवून ते बनवलं, त्यांचे पगार आहेत. तेही पहिल्या गिऱ्हाइकांकडूनच काढायचे. शिवाय तुझ्यासारख्या घाईबाया आहेत. ज्यांना दम निघत नाही त्यांच्याकडून आधी भरपूर घ्यायचं, मग ज्यांना थोडा निघतो त्यांच्याकडून थोडं कमी, आणि शेवटी भाव पाडून माझ्या गळ्यात मारायचं, मला नको असलं तरी.

एवढं सांगून तो थांबला. पण माझे डोळे अजून शाबूत आहेत. दुकान पुढच्या खोलीत आणि गोदाम माझ्या खोलीत. होलसेलवाला म्हणाला, नवी चार कार्डं हवीत ना, मग आमच्याकडे पडून असलेले संगणकाचे रिकामे डबेही (कॅबिनेट म्हणतात त्यांना) उचला. ढीगभर डबे भिंतीला लावून छतापर्यंत रचलेत. खिडकी गेली. उजाडलं का ते मी आता विचारून घेते. पलंगाखालीही खोकी, पाय खाली सोडला की टोचतात. त्या डब्यांचे पैसेही त्या कार्डाच्या भावातच घुसलेत.

(ही धंद्यातली गोष्ट बाहेर सांगायची नसते. आईने सांगितली, म्हणून लिहितो.)

मी म्हटलं, पोरीला खरेदीच्या भावात दे. म्हणाला, माझी खरेदीच जाहीर किमतीच्या वर आहे. म्हटलं, मग तोट्यात दे. पेन थांबलंय. चिमटा काढला. तरी थांबलंय. तेव्हा आज इथेच पुरे करते.

तुझी,
आजी


१९ मार्च

आजी,

चकती बिघडली, पैसे मी द्यायचे. कुणीतरी पाच वर्षं डोकं आटवलं, पैसे मी द्यायचे. होलसेलवाल्याचे डबे खपले नाहीत, तेही मीच द्यायचे. तुझी खिडकी गेली, तीही लावा म्हणावं माझ्याच भावात!

इथल्या दुकानात यादीत नाव घातलं होतं. आज गेले तर म्हणतात, भाव वाढला. उद्या आणखी वाढेल, असंही सांगतात, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. माझ्यासमोर एक गृहस्थ दोन कार्डं घेऊन गेले. एक मुलाला खेळायला आणि दुसरं "असू दे घरात". असू दे! मी तिथेच उभी होते, रांगेत, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन.

साहेबाचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसात नवी कार्डं आली. म्हणाला, "खुर्ची पुसून ठेवलीय."

बाबांना सांग, मला त्यांचं कार्ड नको. त्यांना मुलीपेक्षा डबे जवळचे आहेत, हे त्यांच्याच अक्षरात वाचलं, तेवढं पुरे. हे पत्र तेच वाचत असतील तर बरंच झालं, मला पुन्हा सांगायला नको. यापुढे पत्र ते वाचणार असतील तर मी लिहिणार नाही. महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही तर जाऊन बसते त्या पुसलेल्या खुर्चीत. विषय संपला.

घाईबाई


२६ मार्च

घाईबाईला आजीचा कानात सांगावा तसा आशीर्वाद.

नर्सबाई आली. हे तिचं अक्षर आहे. तुझा बाप दुकानात आहे आणि आम्ही दोघी दार लावून बसलो आहोत. तुझं मागचं पत्र त्यानेच वाचलं, सगळं, एकही ओळ न गाळता. मी म्हटलं, एखादी गाळलीस तरी चालेल. नाही गाळली. वाचून झाल्यावर दुकानात गेला आणि दुपारभर एकच काच पुसत बसला.

आता ऐक. मी तुला एक खोकं पाठवलंय. कुरिअरवाल्याला घरी बोलावलं, पत्ता नर्सबाईने घातला. विचारून नाही पाठवलं. विचारलं असतं तर पेनासारखाच तोही थांबला असता. नर्सबाई म्हणते, ही चोरी झाली. मी म्हणते, माझ्या पलंगाखाली जे आहे ते माझं. इतके दिवस माझ्या पायांना टोचतंय, त्याचं भाडं समज.

ओळखलं कसं, विचारशील. मला अक्षर येत नसलं तरी चित्र येतं. काचेच्या कपाटातल्या खोक्यावर पंख पसरलेला लाल पक्षी आहे आणि त्याच्या पोटावर तीन चाकं. पलंगाखाली हात घातला, तोच लाल पक्षी, तीच तीन चाकं, तेवढंच जड. आणि ते बाकीच्या खोक्यांपासून वेगळं, अगदी भिंतीशी, पुठ्ठ्याखाली झाकून ठेवलेलं होतं. म्हटलं, एवढं जपून ठेवलंय म्हणजे सगळ्यात भारी हेच असणार. तेच ओढलं. कंबरेत भरलं, पण ओढलं.

बापाने विचारलं तर तुला काही माहीत नाही. मी तर काय, म्हातारी, मला कुठे काय कळतं!

त्याच्यावर फार चिडू नकोस. दिवसभर लोक येतात, त्या कपाटाला नाक लावतात, भाव विचारतात, "बापरे" म्हणतात आणि एखादी वायर घेऊन जातात. चारातलं एकच गेलंय. बाकीच्यांचा भाव उद्या पडला तर याला अंगावर घ्यायला लागतील, ते डब्यांसकट. घेताना घाई, विकताना घाम, असला याचा धंदा.

पण तू त्या खुर्चीत बसायचं नाहीस. माझी शपथ वगैरे घालत नाही, मला अजून जगायचंय. पण बसायचं नाहीस.

तुझी,
आजी


२ एप्रिल

आजी गं,

खोकं मिळालं. मी जिन्यातच फोडलं. लाल पक्षी, तीन चाकं. आतून कार्ड काढलं, नंबर वाचला आणि पायरीवरच बसले.

हे गेल्या वर्षीचं आहे, आजी. जुनं मॉडेल. कंपनी दर वर्षी तोच पक्षी छापते. फरक असतो तो कोपऱ्यातल्या एका आकड्यात.

मी आधी हसले, मग इतकी संतापले की शेजारीण दार उघडून बघून गेली. कुणावर संतापू? तुझ्यावर? तू कंबर मोडून घेतलीस. बाबांवर? त्यांना तर माहीतच नाही. परत पाठवावं तर तू पकडली जाशील. कंपनीला एक निराळा पक्षी काढता येऊ नये? कावळा चालला असता!

शेवटी बसवलं तेच. माझ्या म्हाताऱ्यापेक्षा पुष्कळ बरं आहे, खोटं कशाला बोलू? कपडे वाळत घालून येईपर्यंत पूर्ण खोली तयार असते. पण वाचनालयाला वर काचेचं छत आहे आणि काच म्हणजे या कार्डाचा जीव जातो. प्रत्येक काचेत दुसरी काच दिसते, तिच्यात तिसरी. नव्या कार्डाने ते केलं असतं. यावर छतासकट फिल्म पंधरा तारखेला होणं शक्य नाही. मी छत काढून टाकलंय. वाचनालयाची शान होती ती. आता वर नुसता उजेड आहे, आणि समिती विचारणार, छत कुठे गेलं?

एकच गंमत सांगते. ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन होता. साहेबाची ती नवी कार्डं बसवली की चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतं. कंपनी म्हणते, पुढे अपडेट येईल, तोवर धीर धरा. दीडपट भाव देऊन धीर धरा! साहेब पुन्हा जुनी यंत्रं जोडून बसलाय. त्या दिवशी मी जरा बरं जेवले.

नर्सबाईंना नमस्कार. बाबांना काही सांगू नकोस.

घाईबाई


८ एप्रिल

घाईबाईला आजीचा ओशाळा आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? पकडले गेले मी.

तुझ्या बापाने काल पलंगाखाली हात घातला, भिंतीशी चाचपलं आणि तसाच ओणवा राहिला. मी डोळे मिटून पडले होते. म्हणाला, "आई, घोरण्याचा आवाज काढू नकोस, तू घोरत नाहीस. इथलं खोकं कुठे गेलं?" मी म्हटलं, पाठवलं माझ्या नातीला, जा, दे मला पोलिसात. तर तो खाली बसला आणि हसायला लागला. हसताना त्याला मी किती वर्षांनी पाहिलं!

ते खोकं तुझंच होतं.

नवं आलं की जुन्याचा भाव पडतो, हे त्याला ठाऊक. म्हणून नवी कार्डं घेतानाच त्याने होलसेलवाल्याकडून तुझ्यासाठी एक जुनं, चांगलं, बाजूला काढून घेतलं होतं. आणि नव्याची पहिली खेप नेहमी काहीतरी खोड निघून परत काउंटरवर येते, हे त्याने इतक्या वेळा बघितलंय. "थांब" म्हणजे हे सगळं. होलसेलवाला उतरलेला भाव लावून देणार होता, ते पक्कं झालं की तुला सांगणार होता. मी म्हटलं, अरे, मग एवढं तोंडाने बोलायला काय होतं? तर म्हणे, तिने फोन ठेवला. मी म्हटलं, आणि नंतर? म्हणे, नंतर पत्रात कसं घालू, तू सांगत होतीस आणि मी लिहीत होतो. ऐकलंस? तिथे कंसात घुसून धंद्याची गुपितं लिहितो, आणि एवढं लिहायला याला कंस सापडला नाही!

(ती चिडलेली होती. चिडलेल्या गिऱ्हाइकाला जुना माल दाखवायचा नसतो. — लिहिणारा)

गिऱ्हाइकाला! बघ, पुन्हा तेच. चिमटा काढला.

म्हणजे मी तुझीच वस्तू चोरून तुलाच पाठवली. नर्सबाई हसून हसून खोकली. ती म्हणते, याला कायद्यात काही नाव नसेल.

छताचं तो म्हणतो, नाही ते लपवू नकोस. विचारायच्या आधीच सांग.

तुझी,
आजी


२१ एप्रिल

आजी आणि बाबा,

दोघांना एकत्रच लिहिते, नाहीतरी ते वाचणारच.

बाबा, तुम्ही बोलायला हवं होतं. मी ऐकायला हवं होतं, हेही आलंच. पण तुम्ही बोलायला हवं होतं.

फिल्म वेळेत दिली. ती पडद्यावर लागायच्या आधीच उभी राहून सांगितलं की छत झालेलं नाही, काच करायला मोठं यंत्र लागतं, ते सध्या मला परवडत नाही. एका बाईंनी विचारलं, "मग आम्ही बघायचं काय?" मी म्हटलं, उजेड कुठे पडतो ते बघा. फिल्ममध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो जमिनीवर सरकतो. वाचायला कुठे बसावंसं वाटेल, ते दिसतं. साहेबाच्या फिल्ममध्ये छत होतं, चकचकीत, घाईघाईने बनवलेलं. पण खाली सगळं अंधारलेलं. काम मला मिळालं.

आता खरं सांगते. काम मिळून मी घरी आले ती दात-ओठ खात.

समितीचे गृहस्थ म्हणाले, "काम तुमचंच. पण तुम्ही नवीन आहात, तेव्हा दर निम्मा धरू." आणि मी "बरं" म्हणाले. बरं! कसं निघालं तोंडातून कुणास ठाऊक. भाड्याची तारीख डोळ्यांसमोर नाचत होती. सुचायचं ते सगळं जिना उतरल्यावर सुचलं. मार्चपासून मी सगळ्यांकडून ऐकतेय, नवं आहे, म्हणून महाग आहे. शिकायला वर्षं गेली, ती भावात. वाया गेलं, ते भावात. घाई आहे, ती भावात. माझीही वर्षं गेली. मीही शेकड्यांनी चित्रं फेकली. घाई तर त्यांनाच आहे. वस्तू नवी असली की दीडपट आणि माणूस नवं असलं की निम्मं, हा कुठला हिशेब?

अजून सही झालेली नाही. पाच मेला बोलावलंय. हातात काम आहे आणि मला डोकं आपटावंसं वाटतंय.

घाईबाई


२७ एप्रिल

घाईबाईला आजीचा चांगला मोठ्या आवाजातला आशीर्वाद, शेजाऱ्यांनाही ऐकू गेला.

काम मिळालं हे तुझ्या बापाने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी सांगितलेलं नव्हतं.

तू विचारतेस, हा कुठला हिशेब. मी आधी त्यालाच विचारलं, धंदा तो करतो. त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, मागणी, पुरवठा, असं काहीतरी. मी म्हटलं, राहू दे. मला सोपं दिसतंय. खोक्याला भूक लागत नाही, बाळ. त्या काचेच्या कपाटात बसून ते हवा तेवढा भाव मागतं. आज कुणी नाही घेतलं तर उद्या, उद्या नाही तर परवा. त्याला घरमालक नाही, दूधवाला नाही. कुणी कितीही "बापरे" म्हणालं तरी ते तोंड पाडत नाही. तुझं तोंड पडलं असणार, म्हणून त्या गृहस्थांनी निम्म्याची गोष्ट काढली. मी पहिल्यांदा कोट शिवायला घेतले तेव्हा माझंही असंच पडायचं.

काल आणखी एक नवं कार्ड गेलं. पुऱ्या चढ्या भावात, एक पैसा कमी न करता. तुझ्याच वयाची कुणीतरी होती, भाव ऐकून पाय आपटले, शिव्या दिल्या आणि घेऊन गेली. त्या पैशांतून तुझ्या बापाने तुझ्या घरमालकाला तीन महिन्यांचं भाडं पाठवलं. हे लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, लिही, नाहीतर नर्सबाईला बोलावते.

तेव्हा पाच तारखेला पोटभर जेवून जा. पुरा दर सांग आणि गप्प बस. ते निम्मा म्हणतील, नवीन आहात म्हणतील, घड्याळ बघतील. तू कपाटातल्या खोक्यासारखी त्यांच्याकडे बघत बस. तीन महिने तुला भूक नाही.

तुझी,
आजी

(दर एकदाच सांग. आकडा सांगून झाल्यावर "पण" म्हणायचं नाही. मी आयुष्यभर म्हणत आलो. — बाबा)